महाविद्यालयीन हॅम क्लबांची आंतरमहाविद्यालयीन रेडिओ स्पर्धा: परवान्यापासून लॉग तपासणीपर्यंत

महाविद्यालयात हॅम, म्हणजे हौशी, रेडिओ क्लब सुरू करणे फारसे अवघड नाही. तो दुसऱ्या वर्षी हवेवर असणे अवघड आहे. उद्घाटनाला पाहुणे येतात, प्रात्यक्षिक होते आणि त्यानंतर रिग, म्हणजे रेडिओ संच, प्रयोगशाळेच्या कपाटात जाते, कारण कोणाशी आणि कशासाठी बोलायचे हे विद्यार्थ्यांपुढे नक्की नसते. शेजारच्या शहरातला क्लब अमुक रविवारी सकाळी साडेआठला आपल्याला हाक मारणार आहे हे एकदा ठरले की मात्र अँटेना गच्चीवर चढते, बॅटरी चार्ज होते आणि परवान्याच्या परीक्षेचे अर्जही भरले जातात. महाराष्ट्र आणि गोव्यातील सहा ते आठ महाविद्यालयीन क्लबांनी मिळून एका दिवसाची अशी स्पर्धा कशी भरवावी, ते येथे क्रमाने मांडले आहे. या सगळ्या आखणीत एकच धोरण मी आग्रहाने सुचवतो: प्रत्येक नियम ठरवताना सर्वांत नवखा ऑपरेटर डोळ्यांसमोर असावा. अनुभवी माणूस कोणत्याही नियमांत चांगले गुण मिळवतोच. नवखा विद्यार्थी मात्र पहिल्या अर्ध्या तासात गोंधळला की पुन्हा माइककडे फिरकत नाही.

परवाने आधी, पोस्टर नंतर

तयारीची सुरुवात स्पर्धेच्या किमान एक वर्ष आधी व्हावी, कारण सर्वाधिक वेळ परवान्यांना लागतो. भारतात हौशी रेडिओचा परवाना दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी या शाखेकडून मिळतो आणि त्यासाठी एएसओसी ही परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. वयाची किमान अट १२ वर्षांची असल्यामुळे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना वयाचा प्रश्न येत नाही. रिस्ट्रिक्टेड आणि जनरल अशा दोन श्रेणी असून रेडिओचे तंत्र आणि नियम हे विषय दोन्हींत आहेत. जनरल श्रेणीसाठी मोर्स संकेतलिपीचीही परीक्षा द्यावी लागते. कॉल साइन, म्हणजे केंद्राचे हवेवरचे ओळखचिन्ह, व्हीयू३ ने सुरू झाली की ऑपरेटर साधारणपणे रिस्ट्रिक्टेड श्रेणीचा आणि व्हीयू२ असेल तर जनरल श्रेणीचा, असे समजते. अर्ज सरल संचार या शासकीय संकेतस्थळावर करायचे असतात आणि अर्ज करण्यापूर्वी तेथील चालू सूचना नीट वाचाव्यात, कारण १९७८ च्या नियमांपासून चालत आलेल्या चौकटीत वेळोवेळी दुरुस्त्या झालेल्या आहेत.

सहभागी प्रत्येक क्लबकडून तीन गोष्टी लेखी मागवाव्यात: परवानाधारक विद्यार्थी आणि शिक्षक किती आहेत, क्लबच्या नावाने स्वतंत्र परवाना आहे का, आणि परवान्यावर नोंदलेला केंद्राचा पत्ता महाविद्यालयाचाच आहे का. तिसऱ्या प्रश्नाकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. एखाद्या विद्यार्थ्याचा परवाना घरच्या पत्त्यावर असेल, तर त्याचे केंद्र महाविद्यालयाच्या गच्चीवर चालवण्याबाबत नियम काय सांगतात, हे आदल्या दिवशी नव्हे तर काही महिने आधी स्पष्ट करून घ्यावे. परवाना नसलेल्या विद्यार्थ्यांच्या हाती माइक देऊ नये, हा नियम संयोजकांनी पत्रकाच्या पहिल्याच ओळीत लिहावा. त्यांच्यासाठी श्रोता गट ठेवावा. त्याविषयी पुढे येईलच.

अशा प्रसंगासाठी एटी किंवा एयू या अक्षरांनी सुरू होणारी विशेष कॉल साइन मागता येते. ती मिळाली तर बाहेरचे हॅम आपणहून हाक मारतात आणि क्यूएसएल कार्डाला, म्हणजे संपर्काच्या पावतीला, मोल येते. अर्ज किमान तीन महिने आधी पाठवावा. मात्र विशेष कॉल साइन मिळो वा न मिळो, कार्यक्रम ठरल्या दिवशीच व्हावा, कारण तारीख एकदा पुढे गेली की आठ महाविद्यालयांची वेळापत्रके पुन्हा जुळणे फार कठीण असते.

दिवस कोणता

१८ एप्रिल हा जागतिक हौशी रेडिओ दिन आहे. १९२५ साली याच दिवशी पॅरिसमध्ये आयएआरयू ही आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. साहजिकच बहुतेकांना हीच तारीख सुचते, पण आपल्याकडे ती सोयीची नाही. एप्रिलच्या मध्यावर परीक्षा तोंडावर आलेल्या असतात, गच्चीवरचा स्लॅब तापलेला असतो आणि वळवाचे ढग दुपारनंतर जमू लागले की विजांचा खरखराट ४० मीटर बँडवर (सुमारे ४० मीटर तरंगलांबीच्या फ्रिक्वेन्सींच्या पट्ट्यावर) शेकडो किलोमीटरवरूनही ऐकू येतो. त्यापेक्षा २८ फेब्रुवारीचा राष्ट्रीय विज्ञान दिन घ्यावा आणि त्याच्या जवळचा रविवार निवडावा. हवा कोरडी असते, विजा नसतात आणि महाविद्यालयात विज्ञान दिनाचे काही ना काही चाललेलेच असल्यामुळे प्राचार्यांकडून गच्चीची परवानगीही सहज मिळते.

४० मीटर बँड का

स्पर्धेचा मुख्य बँड निवडताना नकाशा समोर ठेवावा. मुंबई ते पुणे सरळ रेषेत सुमारे १२० किलोमीटर आहे, पुण्याहून कोल्हापूर दोनशेच्या आसपास, तर मुंबई ते नागपूर सुमारे ६९० किलोमीटर. २ मीटर बँड, म्हणजे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ, हा हातातल्या हँडी सेटमुळे विद्यार्थ्यांना जवळचा वाटतो. पण त्याच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात आणि कोकण व देश यांच्यामध्ये सह्याद्री उभा आहे. रिपीटरच्या, म्हणजे ऐकलेला संकेत पुन्हा प्रक्षेपित करणाऱ्या केंद्राच्या, आधाराने बोलणे होईल, परंतु तो एकच मार्ग सर्वांनी दिवसभर अडवून ठेवणे योग्य नाही. म्हणून रिपीटरवरील संपर्काला गुण नाहीत, असा स्पष्ट नियम करावा. एकाच शहरातील दोन क्लबांनी २ मीटरवर थेट बोलण्यास अर्थातच हरकत नाही.

भारतात ४० मीटर बँड ७.००० ते ७.२०० मेगाहर्ट्झ असा आहे. दिवसा या लहरी जवळजवळ सरळ वर जाऊन आयनांबरातील (वातावरणाच्या विद्युतभारित वरच्या भागातील) एफ थरावरून परत खाली येतात आणि शे-दीडशे किलोमीटरपासून पाच-सातशे किलोमीटरपर्यंतचा सारा प्रदेश झाकतात. मधल्या डोंगरांचा त्यांना अडथळा होत नाही. भर दुपारी त्याखालचा डी थर बरीच शक्ती शोषून घेतो आणि संकेत क्षीण होतात. सूर्यास्तानंतर उलट अडचण येते: एफ थर विरळ होत गेला की जवळची केंद्रे ऐकू येईनाशी होतात आणि दूर देशांची जोरात येऊ लागतात. यावरून वेळापत्रक आपोआप ठरते. सकाळी साडेआठ ते साडेअकरा हे पहिले सत्र, दुपारी साडेतीन ते साडेपाच हे दुसरे. मधला वेळ जेवणाचा आणि बॅटरीचा.

फ्रिक्वेन्सीबाबत थोडा गृहपाठ लागतो. सकाळी ४० मीटरवर आपल्या देशातील अनेक जुनी नेट, म्हणजे ठरल्या वेळच्या हवेवरच्या बैठका, भरत असतात आणि त्यांतली ज्येष्ठ मंडळी वर्षानुवर्षे त्याच जागी भेटत आली आहेत. स्पर्धेच्या आधीचे तीन रविवार त्याच वेळी बँड ऐकून कोणती जागा कोणाची आहे याची नोंद करावी, शक्य तर त्या नेटवर जाऊन आपल्या कार्यक्रमाची माहिती द्यावी. यातून अडथळा टळतोच, शिवाय स्पर्धेच्या दिवशी बाहेरून हाक मारणारे अनुभवी ऑपरेटरही मिळतात. ७.११० मेगाहर्ट्झ ही आयएआरयूच्या तिसऱ्या विभागात, म्हणजे आपल्या भागात, आपत्कालीन संपर्कासाठी मानलेली फ्रिक्वेन्सी आहे, तिच्या दोन्ही बाजूंना पाच किलोहर्ट्झ मोकळे सोडावेत. ७.२०० च्या वर प्रसारण केंद्रे आहेत आणि त्यांचा आवाज खाली सांडतो. माझ्या मते ७.१३० ते ७.१९० हा पट्टा, लोअर साइडबँड हा आवाज पाठवण्याचा प्रकार आणि दोन केंद्रांत किमान पाच किलोहर्ट्झ अंतर, ही मांडणी नवख्यांना सर्वांत सुसह्य ठरते.

नियम आणि गुण: इथे घाई करू नये

मोठ्या स्पर्धांचे नियम जसेच्या तसे उचलले तर आपली स्पर्धा तासाभरात संपेल, आणि याचे कारण साध्या गणितात आहे. आठ केंद्रे असतील आणि प्रत्येक जोडीचा संपर्क एकदाच मोजायचा असेल, तर एकूण संपर्क होतात फक्त २८. त्यामुळे मोजणीचे एकक केंद्र नव्हे, तर ऑपरेटर धरावा. प्रत्येक महाविद्यालयाकडे चार परवानाधारक असले, तर वेगवेगळ्या महाविद्यालयांतील ऑपरेटरांच्या जोड्या ४४८ होतात, आणि दोन सत्रांना पुरून उरेल एवढे काम सर्वांना मिळते. शिवाय एकाच तरबेज विद्यार्थ्याला पाच तास खुर्चीवर बसवून ठेवण्यात क्लबचा काहीच लाभ राहत नाही.

संपर्कात दोन्ही बाजूंनी द्यायची माहिती आखूड असावी: सिग्नल रिपोर्ट (संकेत कसा येतो त्याचे आकडे), महाविद्यालयाचे दोन अक्षरी चिन्ह, ऑपरेटरचा क्रमांक आणि त्या केंद्राच्या संपर्काचा अनुक्रमांक. पुण्याच्या केंद्रावरचा तिसरा ऑपरेटर केंद्राचा सतरावा संपर्क करत असेल, तर तो म्हणेल, ‘फाइव्ह नाइन, पापा नोव्हेंबर थ्री, झिरो वन सेव्हन’. गप्पा मराठीत जरूर व्हाव्यात, पण कॉल साइन आणि आकडे ठरलेल्या ध्वन्याक्षरांत (पी साठी पापा, एन साठी नोव्हेंबर), एकेक अंक सुटा उच्चारूनच द्यावेत. क्षीण संकेतात एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांतला फरक कानाला लागत नाही.

दुसऱ्या महाविद्यालयातील प्रत्येक नव्या ऑपरेटर-जोडीला पाच गुण द्यावेत आणि बाहेरच्या कोणत्याही हॅमशी झालेल्या संपर्काला एक. या बेरजेला गुणक लावावा, आणि गुणक म्हणजे आपल्या क्लबमधील किमान पाच वैध संपर्क केलेल्या ऑपरेटरांची संख्या. अमेरिकेत एआरआरएल या हौशी रेडिओ संघटनेच्या वतीने फेब्रुवारी आणि ऑक्टोबरमध्ये होणाऱ्या स्कूल क्लब राउंडअप या उपक्रमातही शाळा-महाविद्यालयांच्या केंद्राला गुणकात पाच आणि इतर क्लबला दोन असे वजन आहे. म्हणजे कोणाशी बोलावे हे गुणांतून सुचवण्याची रीत नवी नाही. आपला गुणक कोणी बोलावे हेही सुचवतो.

सर्वांत महत्त्वाचा नियम मात्र पुढचा आहे. दोन्ही केंद्रांच्या लॉगांत, म्हणजे संपर्कांच्या नोंदवह्यांत, संपर्क अचूक नोंदलेला असेल तरच दोघांना गुण, एकाने जरी चूक लिहिली तरी दोघांनाही शून्य. काहींना हे कठोर वाटते; माझा अनुभव असा की या एका नियमाने स्पर्धेचे वातावरण बदलते. अनुभवी ऑपरेटर आपसूक सावकाश बोलू लागतो, समोरच्याने नीट घेतले ना याची खात्री करतो आणि नवख्याला पुन्हा विचारण्याचा संकोच राहत नाही, कारण त्याची चूक ही आता दोघांची चूक असते.

शक्तीची मर्यादा सर्वांसाठी ५० वॅट ठेवावी, ज्याच्या परवान्यात त्याहून कमी असेल त्याने ती पाळावी. श्रोता गटातील विद्यार्थ्याने संपर्कातील दोन्ही केंद्रांची चिन्हे आणि दोन्हींकडची माहिती स्वतंत्र रिसीव्हरवर ऐकून लिहावी. हे बोलण्याहून अवघड काम आहे आणि पुढच्या वर्षीचे उत्तम ऑपरेटर बहुधा याच गटातून येतात. आवड असेल तर मेडनहेड ग्रिडची, म्हणजे अक्षांश-रेखांशांवरून आखलेल्या चौकटींच्या चिन्हांची, एक छोटी जोडस्पर्धा ठेवता येईल: मुंबईचा बहुतेक भाग एमके६९, पुणे एमके६८, कोल्हापूर एमके७६, नागपूर एमएल९१, पणजी एमके६५. नाशिककरांनी आपली जागा नकाशावर बारकाईने पाहावी, कारण २० अंश अक्षांशाची रेषा शहरातूनच जाते आणि रस्त्याच्या अलीकडे एमके६९ तर पलीकडे एमएल६० असे होऊ शकते.

गच्चीवरची अँटेना

या कामासाठी महागडी अँटेना लागत नाही. अर्ध्या तरंगलांबीचा तारेचा डायपोल, मध्य उंच आणि दोन्ही टोके उतरती, म्हणजे इन्व्हर्टेड व्ही, हा पर्याय पुरेसा आहे. एकूण लांबी मीटरमध्ये काढण्यासाठी १४३ ला मेगाहर्ट्झने भागावे, ७.१५ साठी उत्तर येते २० मीटर, म्हणजे प्रत्येक बाजू १० मीटर. तार कापताना मात्र प्रत्येक बाजू १०.३ मीटर ठेवावी. मधला बिंदू बांबूच्या किंवा पीव्हीसी पाइपच्या आधाराने स्लॅबपासून आठ-नऊ मीटर आणि टोके किमान अडीच मीटर उंचीवर नायलॉनच्या दोरीने ताणावीत. आपल्याला लहरी वरच पाठवायच्या असल्यामुळे याहून उंच जाण्यात लाभ नाही. टोकांशी प्रक्षेपणाच्या वेळी उच्च व्होल्टेज असते, तेथे कोणाचा हात पोहोचणार नाही हे पाहावे, आणि विजेच्या तारांच्या आसपास अँटेना कदापि उभारू नये.

जुळणी करताना कात्रीची घाई नको. समजा एसडब्ल्यूआर (अँटेना सेटशी किती जुळली ते दाखवणारा आकडा, कमी तितका चांगला) ७.०५ वर सर्वांत कमी दिसतो आहे आणि तो आपल्याला ७.१५ वर हवा आहे. फरक १०० किलोहर्ट्झचा, म्हणजे साधारण १.४ टक्के, तेव्हा दहा मीटरच्या प्रत्येक बाजूतून सुमारे १४ सेंटिमीटर तार कमी करायची आहे. ती कापण्याऐवजी मागे दुमडून स्वतःवरच घट्ट पिळावी, पुन्हा मोजावे, आणि आकडा जमला की तशीच राहू द्यावी. नॅनोव्हीएनएसारखे अँटेना मोजण्याचे छोटे उपकरण असेल तर हे काम अर्ध्या तासात होते आणि विद्यार्थ्यांना प्रेषण-तारांचा धडा डोळ्यांनी पाहायला मिळतो. ठरवलेल्या पट्ट्यात एसडब्ल्यूआर दोनच्या खाली असणे पुरेसे आहे. तो एकवर आणण्याच्या नादात दुपार घालवू नये.

खरा शत्रू आहे गोंगाट. एलईडी दिवे, यूपीएस, सोलर इन्व्हर्टर आणि लिफ्टची यंत्रणा यांनी बँड इतका भरतो की नागपूरचा संकेत त्याखाली दबून जातो. आठवडाभर आधी मीडियम वेव्ह असलेला साधा ट्रान्झिस्टर दोन केंद्रांच्या मधल्या शांत जागी लावून इमारतीत फिरावे; ज्या खोलीपाशी खरखर वाढते तेथे दोषी उपकरण सापडते. रविवारी ती खोली बंद ठेवता येते का, हे आधीच विचारून ठेवावे. याच कारणाने केंद्र इमारतीच्या विजेवर न चालवता बॅटरीवर चालवावे. ५० वॅटच्या एसएसबी (सिंगल साइडबँड) सेटला बोलताना शिखरावर दहा-बारा अँपियर लागतात, ऐकताना एखादाच. त्यामुळे इन्व्हर्टरसाठी वापरली जाणारी चांगल्या स्थितीतली मोठी बॅटरी दोन्ही सत्रे निभावून नेते.

सराव

स्पर्धेआधी दोन सराव घ्यावेत. पहिला रेडिओशिवाय: दोन विद्यार्थी पाठीला पाठ लावून बसतात, तिसरा मधूनमधून पंखा किंवा मोबाइलवरचा खरखराट वाढवतो, आणि दोघांनी पंधरा मिनिटांत जमतील तेवढे संपर्क कागदावर नोंदवायचे. बी, डी, पी, टी ही अक्षरे आणि एम-एन ही जोडी सर्वाधिक चुकते, हे येथेच लक्षात येते. दुसरा सराव हवेवर, आदल्या रविवारी एक तास, सर्व महाविद्यालयांचा. अँटेना, लॉग आणि वेळ यांतले दोष याच तासात बाहेर पडतात.

लॉगसाठी एन१एमएम लॉगर प्लस ही मोफत प्रणाली सोयीची आहे, कारण स्वतःच्या स्पर्धेची व्याख्या तिच्यात घालता येते. एका क्लबने ती फाइल तयार करून सर्वांना पाठवावी. सर्व नोंदी यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत असाव्यात. आपली वेळ साडेपाच तास पुढे असल्यामुळे सकाळी साडेआठ म्हणजे ०३०० यूटीसी, आणि एखाद्या संगणकाने भारतीय वेळ लिहिली तर त्या केंद्राचा एकही संपर्क जुळत नाही. संगणकाशेजारी कागदी लॉग ठेवावाच.

स्पर्धेचा दिवस

सव्वाआठ वाजता एका नेट कंट्रोलने, म्हणजे सूत्रे सांभाळणाऱ्या केंद्राने, सर्व केंद्रांची हजेरी घ्यावी. कोणाचा आवाज कोणाला येत नाही हे त्या पंधरा मिनिटांत कळते आणि अँटेनाची सुटलेली जोडणी दुरुस्त करायला वेळ मिळतो. त्यानंतर नेट कंट्रोल बाजूला होतो. मोबाइलवरील गट केवळ संयोजकांसाठी, सुरक्षेसाठी आणि अडचणींसाठी असावा, ‘आम्ही ७.१४५ वर आहोत, या’ असे निरोप त्यावर पाठवणाऱ्याचे ते संपर्क बाद धरावेत, कारण बँड फिरवून केंद्र शोधणे हाच या दिवसाचा मुख्य धडा आहे.

ऑपरेटरची पाळी वीस मिनिटांची असावी आणि शेजारी लॉग लिहिणारा वेगळा विद्यार्थी असावा. हाक मारण्यापूर्वी फ्रिक्वेन्सी मोकळी आहे का हे दोनदा विचारायचे आणि कोणी आक्षेप घेतला तर वाद न घालता सरकायचे, ही शिस्त शिक्षकांनी स्वतः उभे राहून पाळून घ्यावी. व्यापारी मजकूर, संगीत आणि गुप्त संकेत हौशी बँडवर चालत नाहीत, त्यामुळे प्रायोजकाचे नाव बॅनरवर असले तरी माइकवर येता कामा नये. कोठे आपत्कालीन संपर्क सुरू झाल्याचे कानी पडले, तर स्पर्धा तत्क्षणी थांबवून ती फ्रिक्वेन्सी मोकळी करावी.

लॉग तपासणी आणि नंतर

लॉग तीन दिवसांत मागवावेत. सर्व लॉग कॅब्रिलो किंवा एडीआयएफ या लॉगसाठीच्या फाइल-स्वरूपात घेतले की साध्या पायथन प्रोग्रॅमने जोड्या जुळवता येतात: कॉल साइन, बँड, दोन्हींकडची माहिती, आणि वेळेत पाच मिनिटांपर्यंतचा फरक क्षम्य. हे काम संगणक विभागाच्या विद्यार्थ्यांना द्यावे, पण स्वतःच्या महाविद्यालयाचा लॉग त्यांनी तपासू नये. निकालासोबत प्रत्येक क्लबला त्याच्या बाद संपर्कांची यादी कारणासह पाठवावी. बक्षिसापेक्षा ही यादी अधिक उपयोगी पडते, कारण कोणता ऑपरेटर कोणत्या अक्षराला अडखळतो हे तिच्यात स्पष्ट दिसते.

क्यूएसएल कार्ड एकच समाईक छापावे आणि त्यावर दोन्ही कॉल साइन, तारीख, यूटीसी वेळ, फ्रिक्वेन्सी, प्रक्षेपणाचा प्रकार आणि सिग्नल रिपोर्ट या जागा असाव्यात. श्रोता गटालाही ते द्यावे. स्वतःचा उपग्रह बनवणारी महाविद्यालये आपल्याकडे आहेत. पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा ‘स्वयम्’ २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ मधून गेला आणि हौशी रेडिओवरून संदेश पोहोचवणे हेच त्याचे काम होते. म्हणून ज्या क्लबांचे ४० मीटरवर बस्तान बसले आहे, त्यांनी पुढच्या वर्षी उपग्रहामार्फत संपर्काचा एक तास जोडण्याचा विचार जरूर करावा. गच्चीवरून अँटेना उतरवताना दोन्ही बाजूंची अंतिम लांबी तारेलाच चिठ्ठी बांधून लिहून ठेवावी, आणि गोंगाट करणाऱ्या खोल्यांची व मोकळ्या सापडलेल्या फ्रिक्वेन्सींची यादी नव्या सचिवाच्या हाती लेखी द्यावी.